डॉक्टरअक्का आणि उरलेलं औषध

मी लेखक नाही. घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा आहे, एवढंच. डॉक्टरअक्कांवर मी लिहावं हा आगाऊपणा आहे, त्यासाठी आधीच माफी मागतो. शिवाय त्यांची आठवण काढली की माझी चूकच आधी आठवते.

बीदर जिल्ह्यातल्या हुलसूरकडच्या आमच्या गावात त्या डॉक्टर होत्या. मूल कितीही रडो, वजन केल्याशिवाय अमॉक्सिसिलिनची चिठ्ठी लिहीत नसत. "अंदाजानं मीठ टाकत्यात, औषध न्हाई," म्हणायच्या. मग घड्याळ लावून मिनिटभर मुलाचे श्वास मोजायच्या. मध्ये कुणी बोललं, की हात वर करायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या.

माझी भाची सुमी दोन वर्षांची. परीक्षेआधीच्या सुट्टीत मी गावी होतो, तेव्हा तिला न्यूमोनिया झाला. अक्कांनी पावडरीच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घातलं, हलवलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

"कॉलेजवाले, पाच दिवस द्यायचं. ताप उतरला तरी पाच दिवस. कळलं?"

"व्हय, अक्का."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सुमी भाकरी मागू लागली. आमच्या गल्लीत उरलेलं औषध विरजणासारखं घरोघर फिरतं. आई म्हणाली, "शेजारचं लेकरू खोकायलंय. दे की रं, इथं कामून ठेवायलास?" लेबल वाचता येणारा घरात मी एकटा. माझा शब्द सगळ्यांनी मानला असता. मी म्हणालो, "आता गरज न्हाई," आणि बाटली देऊन आलो.

पाचव्या दिवशी श्वासागणिक सुमीच्या फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या. पळत अक्कांकडे नेलं.

"बाटली कुठाय?"

"शेजारी दिली."

"त्या लेकराचं वजन कुणी केलं?"

एवढंच विचारलं त्यांनी. शेजारच्या लेकराला आणायला माणूस धाडला, सुमीला ऑक्सिजन लावला आणि ॲम्ब्युलन्समध्ये स्वतः चढल्या. मी बाजूला बसून विचारत राहिलो, "अक्का, वाचंल ना? अक्का?" त्यांनी हात वर केला. श्वास मोजत होत्या.

बीदरच्या दवाखान्यातून त्यांनीच मला हाकललं. "हितं बसून काय करायलास? उद्या पेपर हाय न्हाई का? जा." मी कॉलेजच्या गावी, कलबुर्गीला गेलो. रोज फोन करायचो. बाबा म्हणायचे, "इलाज चालू हाय."

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो आणि फोन लावला. बाबांनी आधी विचारलं, "समदे पेपर झाले का?" मग म्हणाले, "सुमी परवाच गेली रं. पेपर होईस्तोवर त्याला सांगू नका, म्हणल्या अक्का."