मी न पाहिलेली आग

सिरसाळ्यातल्या माझ्या सरकी-पेंडीच्या दुकानात गिऱ्हाईक पेंडीला येतं आणि गोष्टीला थांबतं. माझी खोड एकच: घडलेल्या प्रत्येक प्रसंगात मी हजर असतो. ‘मी उभा होतो ना तिथं!’ असं म्हटल्याशिवाय गोष्टीला चवच येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात जवळच्या वस्तीवरच्या एका शेतकऱ्याची कडब्याची गंजी भरदुपारी जळाली. मी तेव्हा दुकानात पोत्यांवर घोरत होतो. दुसऱ्या दिवशी हॉटेलात मात्र मी ती आग अशी पेटवली की दोघांनी बाकडं मागं सरकवलं. आठवड्यापूर्वीच त्या शेतकऱ्याशी माझी पेंडीवरून शिवीगाळ झाली होती, हे मी विसरलो. पोलीस विसरले नाहीत.

ठाण्यात सोबत माझी मेव्हणी होती; ती वकील आहे.

“दाजी, नाव-गाव सांगायचं. आगीबद्दल एक शब्द न्हाई.”

“मी काही केलंच न्हाई, तर गप कावून बसू?”

“तुमी खऱ्यालाबी फोडणी घालता. स्वतःविरुद्ध न बोलायचा हक्क घटनेनं दिलाय, आज वापरा. ताई तर म्हणते, रोजच वापरा.”

मी हसलो.

साहेबांनी चहा मागवला. “शेठ, तुमी लई भारी सांगता म्हणं. आमाला बी ऐकवा की.”

इतक्या अदबीनं गोष्ट मागावी आणि मी गप्प! जीभ नुसती वळवळत होती. मग ते हळूच म्हणाले, “गंजीपाशी माठ फुटला, हे हॉटेलात सांगितलंत. तो राखेखाली खरंच सापडला. तुमाला कसं कळलं?”

तो माठ मी गोष्टीत घातला होता, आवाजासाठी! आग नुसती भडकून भागत नाही, मध्येच एक फटाक् लागतो. पण हे कोण मानणार? ‘मी तिथं नव्हतो’ म्हणावं, तर सगळं हॉटेल साक्षीला. तोवर मला वाटायचं, गप्प बसतो तोच चोर. आता माझं खरं बोलणंच खोट्याहून खोटं वाटत होतं.

“याचं उत्तर मी देणार नाही,” मी म्हणालो. आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं भाषण.

साहेबांनी वही मिटली. “बरं. बोलावलं की यायचं.”

बाहेर आल्यावर मेव्हणीनं स्कूटी सुरूच केली नाही. “दाजी, मला तरी सांगा. माठाचं कसं कळलं?”

“आईशपथ, मनानंच फोडला.”

“बरं,” ती म्हणाली. अगदी साहेबांसारखं.

अजून बोलावणं आलेलं नाही. फोन वाजला की हातातली सरकी सांडते. गिऱ्हाईक विचारतं, “काय झालं, शेठ?”

“काही न्हाई,” मी म्हणतो. माझं एवढ्यावर भागलेलं पाहून ते वळून वळून बघत जातं.