दत्तूदादाने पारखलेला रेग्युलेटर

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ताटात तांदूळ घेऊन खडे काढत बसले होते. भाच्याचा, दादाच्या मुलाचा, आवाज ऐकूनच कळलं. सांगायला लाज वाटते, पण लिहायला बसलेच आहे तर खरं तेच लिहीन. मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता कधीच कळायचं नाही... रडू त्यानंतर आलं. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्यावर पाण्याखाली मरायची पाळी आली, ती दादाच्या हातच्या कामामुळे. ते दादाकडून चुकून झालं की त्यानं मुद्दाम केलं, हा संशय मी इतकी वर्षं पोटात ठेवून होते. आणि तोही सख्ख्या भावाबद्दल.

दत्ताराम त्याचं नाव, चाळीत सगळे दत्तू म्हणायचे. परळच्या एका मिलमध्ये फिटर होता. आम्ही मूळचे मालवणकडचे, लालबागला एका खोलीत वाढलेले. आईवडील लवकर गेले, माझी वेणीफणीसुद्धा दादानंच केली. पण संशयी म्हणजे किती असावं माणसानं? दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघणार, पापलेटाचे कल्ले उघडून कोळणीच्या शिव्या खाणार, दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेतली तिथी पंचांगात पडताळणार. "आधी माका बघूंदे," हे त्याचं पालुपद. आई होती तोवर म्हणायची, ह्याला देव भेटला तरी हा आधी त्याचे हात मोजील. अशा माणसाला मी जाऊन सांगितलं, की माहीमच्या कोळीवाड्यातल्या नारायणशी लग्न करणार. नारायण गोदीत पाणबुड्या. दादानं माझ्यासाठी मिलमधला एक कारकून हेरून ठेवला होता. "पाण्यात बुडी मारणाऱ्याचो भरवसो काय गो? वर इलो तर इलो," असं म्हणाला. लग्नाला आला, अक्षता टाकल्या, पण पानावर बसला नाही. ते मी लक्षात ठेवलं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आज हरताळ, उद्या मोर्चा, गोदीतलं काम कधी चालू तर कधी बंद. कंत्राटदाराच्या त्या जड शिरस्त्राणाच्या पोशाखात बुडी मारायची तर वर हवेचा पंप मारायला माणसं लागत, आणि माणसं मोर्चात. पाठीवर हवेची टाकी बांधून एकट्यानं खाली जायचं नवं साधन तेव्हा परदेशी बोटींबरोबर कुठं कुठं दिसू लागलं होतं. ह्यांनी कुठल्याशा बोटीवरून टाकी मिळवलीही होती. अडलं होतं ते रेग्युलेटरपाशी. टाकीतली दाबाची हवा श्वासापुरती सौम्य करून तोंडाशी आणणारी ती पितळेची डबी, दोन्ही बाजूंना रबरी नळ्या असलेली. नवा घ्यायची ऐपत नव्हती. चोरबाजारात एका म्हाताऱ्याकडे तीन जुने आलेत असं कळलं, आणि मी चाट पडले, कारण हेच म्हणाले, "दत्तूदादाला नेऊ. त्याच्याइतका संशयी माणूस मुंबईत दुसरा नाही." मीही बरोबर गेले. त्या दोघांना एकटं सोडायचा धीर नव्हता मला.

म्हाताऱ्यानं तिन्ही डब्या गोणपाटावर मांडल्या. एक अगदी आरशासारखी चकचकीत, हे तिच्यावरच भाळले. दादानं ती हातात घेतली नाही, नुसता वाकून बघत राहिला. "इतना चमकाया कायको?" त्यानं विचारलं. म्हातारा म्हणाला, माल साफ ठेवतो. दादानं स्क्रूच्या खाचा दाखवल्या, चुकीच्या पान्यानं ओरबाडलेल्या. कुणीतरी ही घाईनं उघडली आहे, आणि ज्यानं उघडली त्यानं ती कशासाठी उघडली ते सांगायला तो इथं नाही, तेव्हा ठेवा बाजूला. दुसरीची हवा आत शिरते तिथली जाळी त्यानं उजेडाकडे धरली. हिरवी. म्हणजे खारं पाणी आत जाऊन आलेलं. तीही गेली. तिसरीला पोचे पडलेले, रंग उडालेला. दादानं तिच्या नळ्या ताणून एकेक वळी उलगडली आणि भेगा शोधल्या. मग हवेच्या तोंडावर अंगठा दाबला, नळी तोंडात धरली आणि ओढला श्वास. गाल खोल गेले, डोळे बाहेर आले, पण हवा येईना. "बरा आसा," तो म्हणाला, "बंद केल्यावर बंद होता." म्हणजे कुठून गळती नाही. तरी समाधान नाही. टाकी जोडून, बादलीत बुडवून बुडबुडे बघितले. मग ह्यांना म्हणाला, "आहेत ते सगळे पैसे ह्याच्यातच घालू नकोस. आतला रबर जुना तो जुनाच. पडदा नि झडप नवी घालूक राख थोडे." त्या दिवशी मला वाटलं, जेवला नाही तरी माणूस आपला आहे.

परतताना भायखळ्याला पोलिसांनी अडवलं. टाकी, नळ्या, गोणपाट... त्या दिवसांत एवढं पुरे होतं. "काय आहे हे? बाँब?" दादाला आयुष्यात पहिल्यांदा आपल्यापेक्षा संशयी माणूस भेटला, आणि तो चिडायच्या ऐवजी खूशच झाला. त्यानं हवालदाराला अंगठा कुठं दाबायचा ते शिकवलं नि श्वास ओढायला लावला. हवालदारानं ओढला, खोकला, आणि जा म्हणाला. हे घरी येईपर्यंत हसत होते.

दादानं तो रेग्युलेटर लालबागच्या खोलीत नेला, सबंध खोलला, नवी रबरं घातली आणि आठवड्यानं आणून दिला. महिनाभर काही तक्रार नव्हती. मग एक दिवस भाऊच्या धक्क्याला एका लाँचच्या पंख्यात अडकलेला दोर कापायला हे खाली गेले, आणि श्वासाबरोबर तोंडात पाणी आलं. दुसऱ्या श्वासालाही पाणीच. कसे वर आले देव जाणे. लाँचवरच्या लोकांनी उपडं घालून पाणी काढलं नि हॉस्पिटलात नेलं.

गोणपाटात बांधून ते यंत्र कुणीतरी घरी आणून टाकलं. मी उघडून बघितलं. उच्छ्वास बाहेर सोडणारी रबराची झडप, बदकाच्या चोचीसारखी असते ती, फुगून लिबलिबीत झाली होती आणि तिचे ओठ मिटत नव्हते. मी ती नाकाशी नेली. स्पिंडल ऑईल. मिलमध्ये चात्यांना घालतात ते तेल. लग्नाआधी दादाचे शर्ट मीच धुवायचे, तो वास मला शिकवायला नको. आणि रबराला तेल लागलं की रबर मेलं, हेही मला दादाकडूनच ठाऊक. मिलमध्ये रबरी रुळावर तेल सांडलं म्हणून त्यानं एकाला कसा झापला, ते तो जेवताना सांगत असे. मग ह्याच रबरावर तेल आलं कुठून? दूधवाल्याच्या मापात बोट घालणारा माणूस हे विसरेल? लग्नाच्या मांडवातून तो न जेवता गेला होता, ते आठवलं...

मी कुणाला काही बोलले नाही. दादा येऊन यंत्र घेऊन गेला, पुन्हा नवी रबरं घालून घेऊन आला, "आता बरो आसा," म्हणाला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मी ह्यांना सांगितलं, ते वापरू नका. ह्यांनी वापरलं, पुढं वर्षानुवर्षं वापरलं, त्याच्यावर आमचा संसार उभा राहिला. काही झालं नाही. पण त्यानंतर मी दादाच्या हाती घरातली एक वस्तू दुरुस्तीला दिली नाही. स्टोव्हचा पंप बिघडला तर बाहेरच्या माणसाकडे टाकायचे. एकदा तो आला असतानाच त्या माणसाचा पोऱ्या स्टोव्ह घेऊन दारात आला. दादानं स्टोव्हकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा प्यायला.

परवा तेरावं आटपून आम्ही माहीमला आलो. हे आता थकलेत, दम लागतो. खुर्चीत बसून म्हणाले, "तुझ्या भावासारखा माणूस होणं नाही." मग ते आपणहून सांगू लागले. हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी, मी डबा आणायला घरी आले होते तेव्हा, दादा त्यांच्या खाटेशी आला होता. म्हणाला, नारायण, तेल मी घातलं. डबीच्या आतल्या पितळेच्या दांडीला घातलं, मिलमधल्या हाताची सवय. रबरापर्यंत सरकत जाईल हे डोक्यातच आलं नाही. खाटेची कड धरून तो पोरासारखा रडला. "आणि दुसऱ्यांदा रबर घातल्यावर काय केलं माहीत आहे? धक्क्यावर आला. पोहता येत नव्हतं त्याला. कमरेला दोर बांधून पायऱ्यांना धरून डोक्यावर पाणी येईपर्यंत खाली बसला, ती नळी तोंडात धरून. मी दोर धरून वर उभा. टाकी निम्मी होईपर्यंत वर येईना. मग म्हणाला, आता तू घे."

"अहो, मग मला तेव्हाच सांगायचंत," मी म्हटलं.

"तोच नको म्हणाला. म्हणाला, कुसुमनं ते उघडून बघितलंय, तिला वास कळलाय, माझ्या कपड्यांचा वास ती विसरायची नाही. ती विचारील मला. विचारलं की मीच सांगेन, मधे तू पडू नकोस. मला वाटलं तुमचं कधीच बोलणं झालं असेल."

म्हणजे माझा संशय त्याला ठाऊक होता. दादाचा संशय नेहमी तोंडावर असायचा, विचारून मोकळा व्हायचा. माझा मीच झाकून ठेवला. चाळीस भाऊबीजा तो ह्या घरी आला, पाटावर बसला, मी ओवाळलं, करंज्या वाढल्या. तो सावकाश खायचा, दुसरा चहा मागून घ्यायचा, उगाच इकडचं तिकडचं बोलत बसायचा. आणि दर वर्षी तो जायला उठला की मला सुटल्यासारखं वाटायचं.