रोबोटच्या हातातल्या बांगड्या

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, गडचिरोलीच्या जंगलात रोबोट कुठून असणार?" म्हणून हे लिहिते. रोबोट आहे. त्याला माणसांत आणणाऱ्या बाई मात्र गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या.

"पयले मानसाचा हात, मंग मशीनचा," असं म्हणत त्या तळवे घासून गरम करत आणि गरोदर बाईच्या पोटावर ठेवत. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात त्या मदतनीस होत्या. खाटेशेजारी सोनोग्राफी करणारा यांत्रिक हात, तोच आमचा रोबोट. तो चालवणारे डॉक्टर चंद्रपुरात, पडद्यावर दिसायचे. यंत्राचं इंग्रजी वाचून सांगायला मी जात असे. डॉक्टरांनी काही सांगितलं की बाई रोबोटला दटावत, "आयकलं का बे?"

एकदा मासेमारी करणाऱ्या ढिवरांची सून आली. आठवा महिना, आणि आदल्या दिवसापासून पोटात बाळ हललं नव्हतं. पण सासू आडवी आली. "परक्या मानसाचा हात सुनेच्या पोटाले लागू देनार नाई."

"मानूस कुठी हाय वं इथी? हे तं बाई हाय!" बाईंनी आपल्या पिशवीतल्या नव्या हिरव्या बांगड्या काढून दोऱ्यानं रोबोटच्या मनगटाला बांधल्या. सासू हसली. सून खाटेवर निजली. यांत्रिक हात खाली येता येता मध्येच थांबला.

"बाई, काय अडकलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिनगार केला जी त्याचा."

"काढा आधी!"

सासूचा चेहरा उतरला. गरोदर सुनेसमोर कुणाच्या हातातल्या बांगड्या उतरवायच्या? अपशकुनच तो. ती सुनेला उठवायलाच निघाली.

बाईंनी दोरा सोडला आणि एकेक बांगडी सुनेच्या हातात चढवली. "उतरवून नाई राह्यलो, माय. नणंद भावजयीले बांगड्या भरून राह्यली. करंटवर चालते, पन नणंदच हाय!"

सासूनं स्वतःच सुनेचा पदर बाजूला केला. हात पोटावर फिरू लागला. मग घोडा दौडावा तसा आवाज खोलीभर घुमला.

"ठोके चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले, "पण बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. आजच चंद्रपूरला आणा."

सासूनं एकदाही 'काऊन', म्हणजे 'का', विचारलं नाही. बाई त्यांच्याबरोबर अँब्युलन्समध्ये चढल्या.

आता बाई बल्लारपूरला मुलाकडे असतात. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, पण रोबोटला रागवत नाही. त्या दिवशीची सून आणि तिची लेक, दोघी ठणठणीत आहेत. लेक तळ्याच्या बांधावर पळते आणि तिची आजी, तीच ती सासू, तिच्यामागे.