राहिलेली दोन सूत्रं

रविवारी दुपारी अडीचला आमच्या अभ्यासिकेत पंखा आणि मी, दोघंच चालू असतो. आज त्यातली मी बंद पडायला आलेय. समोर इंदूताईंचा सूत्रांचा कागद आहे, लॅमिनेट केलेला, गुळगुळीत. उद्या अकराला गणित भाग दोन. नजर कागदावरच आहे, पण अक्षरं पाण्याखाली असल्यासारखी हलायला लागलीत. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावून मी हातावर डोकं टेकते.

वय त्रेचाळीस आणि परीक्षा दहावीची, हसायचं तर हसून घ्या. अकरा वर्षं मी शाळेत घंटा वाजवतेय, तीही तात्पुरती. म्हणजे घंटा कायमची, मी तात्पुरती. कायम व्हायचं तर दहावी पास हवी, आणि माझं एक गणितच राहिलंय. मार्चमध्ये चोवीस मिळाले. आता जुलैत पुन्हा. याही वेळी गेलं तर जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, असं मोठ्या बाईंनी सांगून ठेवलंय.

इंदूताई ढवळे माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायच्या. चौपन्न वर्षांच्या, माझ्यासारख्याच बाहेरून दहावीला बसलेल्या. इथं बोलायला बंदी, म्हणून आमचं सगळं बोलणं चिठ्ठ्यांवर. ‘तिसरं उदाहरण सुटलं का?’ ‘डब्यात काय आणलंस?’ ‘सुनेनं आज परत तोंड फुगवलंय.’ घरी जाताना त्या चिठ्ठ्या आम्ही फाडून टाकायचो, कुणाच्या हाती लागल्या तर शोभा व्हायची. जानेवारीत त्या हृदयविकारानं गेल्या. मुलानं त्यांच्या पिशवीतला हा एक कागद मला आणून दिला. घड्या पडून पडून विरायला आला होता. पिशवीत मावावा म्हणून दुमडला असेल, असं मला वाटलं. मी त्यावर सुती फडकं टाकून इस्त्री फिरवली आणि झेरॉक्सवाल्याकडून प्लॅस्टिकात घालून आणला. आता त्यांच्या खुर्चीत एक मुलगी बसते. सहा महिन्यांत ती माझ्याशी एकदाच बोललीय, ‘काकू, चार्जर काढू का?’ आज तीही नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज होतो.

“शकू, झोपलीस व्हय गं?”

भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी आहे आणि इंदूताई मंडईत बोलाव्यात तशा मोठ्यानं बोलतायत. तीच हिरवी साडी, तोच हळदीचा हात. मी घाबरून इकडेतिकडे बघते.

“हळू बोला, ताई.”

“किती दिस हळू बोलायचं? दे तो कागद हिकडं.”

त्या कागद घेतात आणि सवयीनं मधोमध दुमडायला जातात. कागद दुमडत नाही.

“ह्याला काय झालं? पापडावानी ताठ झालाय.”

“लॅमिनेट केलाय. खराब होऊ नये म्हणून.”

“अन् माझ्या घड्या?”

“त्या... इस्त्री केली मी.”

इंदूताई माझ्याकडे बघतच राहतात. मग पदर तोंडाला लावून हसायला लागतात. “गणिताच्या कागदाला इस्त्री! अगं, उद्या पेपराला तू जाणार हायस का कागद?”

मलाही हसू येतं. किती दिवसांनी येतंय. हसता हसता मी बघते तर टेबल नाही, ओटा आहे. इंदूताईंचं स्वयंपाकघर, जिथं मी त्या गेल्यावरच पहिल्यांदा गेले होते. तव्यावर भाकरी फुगलीय. त्या ती परातीत घेतात आणि तिचा चतकोर तुकडा तोडून माझ्यासमोर धरतात.

“हे काय?”

“भाकरीचा तुकडा.”

“परीक्षेत असं लिव्हशील?”

मी नीट बघते. मधल्या टोकापासून काठापर्यंत दोन सरळ बाजू आणि एक गोलाकार. “वर्तुळपाकळी.”

“क्षेत्रफळ?”

“पाय आर वर्ग, गुणिले कोन भागिले तीनशे साठ.” तोंडातून आपोआप येतं.

“कागद लागला?”

“नाही.”

“मग हे मागं दुमडायचं. तीनदा न बघता आलं, की मागं. येतंय तेच रोज वाचत बसलं की लई अभ्यास झाल्यासारखं वाटतं. ते लबाड समाधान असतंय, शकू. म्हणून जे येत न्हाई ते मी तळाला लिव्हायची. रोज कागद कमी कमी होत गेला पायजे.”

म्हणजे त्या घड्या पिशवीसाठी नव्हत्या. मला लाज वाटते. मी तुकडा खायला तोंडापाशी नेते तर तो थंडगार लागतो, लोखंडाचा. बादलीची कडी आहे. मी शाळेच्या व्हरांड्यात उभी आहे, हातात पाण्याची बादली. सगळ्या वर्गांची दारं उघडी आणि आत बाकांवर कुणी नाही. इंदूताई तेवढ्या पायरीवर बसल्यात.

“ही बादली कोण?”

“शंकुछेद.”

“वक्रपृष्ठफळ सांग.”

सगळा कागद माझ्या डोळ्यांसमोर येतो. खालून दुसरी ओळ. शेजारी हळदीचा डाग. ‘शं’चं टिंब जरा लांब पडलेलं. “पाय, एल, कंसात आर एक अधिक आर दोन.”

“एल म्हंजे?”

मला येत नाही. मार्चमध्ये इथंच अडले होते. डाग आठवत होता, टिंब आठवत होतं, एल कुठून आणायचा ते नाही.

“तुला माझं अक्षर पाठ झालंय,” त्या हळू आवाजात म्हणतात. “सूत्र न्हाई.”

मग मला रडूच येतं. बादली तशीच हातात धरून मी शाळेतल्या पोरीसारखी रडते. “अक्षरच राहिलंय तुमचं. दुसरं काय आहे माझ्याकडे? चिठ्ठ्यासुद्धा फाडून टाकल्या आपण. दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही, ताई. घंटा वाजवते, घरी जाते, कुलूप काढते.”

त्या म्हणतात, “फाडल्या ते बरं झालं बाई. सुनेच्या चहाड्या हुत्या त्यात.”

मी डोळे पुसते. विचारू नये ते विचारते. “ताई, तुम्ही गेलात ना?”

“गेले की.”

“तिकडं कोण आहे बोलायला?”

“लई जणी हायत. पर गणिताचं कुणी काढत न्हाई.” त्या उठून जवळ येतात, बादलीच्या काठावरून बोट तिरकं खाली नेतात. “ही बघ एल. तिरकस उंची. उभ्या उंचीचा वर्ग, त्यात दोन त्रिज्यांच्या फरकाचा वर्ग मिळवायचा, अन् वर्गमूळ. आधी तिरकस उंची काढायची, मग बाकीचं. माझंबी इथंच अडायचं. दोन राहिली हुती माझी.”

“कुठली दोन?”

त्यांच्या हातात कागद आहे. दोन्ही अंगठे तळाजवळ ठेवून त्या सगळा जोर लावतात. मला ओरडायचंय, तुटेल, जपून. पण घंटा वाजायला लागते, आणि मी बघते तर घंटेचा हातोडा माझ्याच हातात आहे, मीच वाजवतेय.

पंखा फिरतोय. घड्याळात तीनला पाच कमी. गाल प्लॅस्टिकला चिकटलाय, तो सोडवून मी उठून बसते. शेजारची खुर्ची टेबलाखाली सरकवलेली, जशी होती तशीच.

कागद उजेडात आल्यावर मला दिसतं. तळापासून दोन बोटांवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, प्लॅस्टिकवर पांढरी सरळ घडी पडलीय. कोपर टेकलं असेल माझं. मी नखानं दाबून बघते, ती जात नाही. घडीच्या खाली दोन ओळी आहेत. शंकुछेद, आणि विभाजनाचं सूत्र.

मी बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत बसते. मग घडीवर दोन्ही अंगठे ठेवून वरचा सगळा भाग मागे दुमडते. प्लॅस्टिक करकरतं, इंदूताईंचं बरंचसं अक्षर मागे जातं. उरलेला तुकडा मी वहीखाली सरकवते, दिसणार नाही असा. कोऱ्या पानावर बादली काढते आणि तिच्या तिरक्या बाजूला एल लिहिते. आधी तिरकस उंची, मग बाकीचं.