पेठ वसवणाऱ्यांचा दगड

कापूस विलायतेला जाऊ लागला आणि भाव चढला, त्या वर्षी अमरावतीच्या कापूस-बाजारात दलालांनी एक उंच दगड उभा केला. त्यावर त्यांच्यातल्याच पाच जणांची नावं होती आणि खाली कोरलं होतं, 'यांनी ही पेठ वसवली.' मला तो पहिल्या दिवसापासून खटकला. फुकट कोणी दगड गाडत नाही.

आमची कापसाची बैलगाडी थांबवून मी माझ्या बापाला नावं वाचून दाखवली.

"हे तर परवा आले," तो म्हणाला. "अठी, या जागेवर आपली गुरं चरत. मंग दगड काहून गाडून राहिले? आज नावं कोरली, उद्या जमीन मोजतीन."

शनिवारी त्याने दगडाला तेल-शेंदूर फासला आणि नारळ फोडला. त्याचं पाहून बाकीचे गाडीवानही दर शनिवारी शेंदूर लावू लागले. दिवाळीपर्यंत पाचही नावं बुजली. दलालांनी शेंदूर खरवडायला मजूर आणले, पण देवाला हात लावायला एकही तयार होईना. पुढे ते दलालही जोडे काढून तिथे नमस्कार करू लागले.

माझ्या बापाने मात्र त्या दगडापुढे कधी हात जोडले नाहीत.