लेकीसाठी घेतलेलं आजारपण

माझी तब्येत ठणठणीत आहे. हे आधीच सांगतो, कारण मधे वर्षभर निम्मं उचगाव मला आजारी समजत होतं. शाळा माझी चौथीपर्यंत, बाकी आयुष्य फौंड्रीत साचे भरण्यात गेलं, पण अंगातली रग अजून गेलेली नाही. आजारपण मी घेतलं ते लेकीसाठी.

लेक दिली होती मुरगूडकडं. जावई हात उचलायचा. एक दिवस ती पोरीला घेऊन माझ्या दारात आली, ती परत गेलीच नाही. आमच्याकडं लेक माहेरी राहिली की लोक हिशेब लावतात. सण न्हाय, बाळंतपण न्हाय, मग राहिली का? माझ्या लेकीला नवऱ्यानं टाकली असं कुणी म्हटलेलं मला खपणार नव्हतं. मग मीच उठवून दिलं, की मला चक्कर येते, बायको वारलेली, करणारं कोण न्हाय, म्हणून लेक आलीय. काठी घेतली. पानाच्या दुकानापर्यंत जाताना मधेच थांबून भिंत धरायचो. एकजण तर माझ्यावरची करणी उतरवायला माणूस आणायला निघाला होता. लेक म्हणाली, आबा, जरा जास्तच व्हायलंय.

नात आठ-नऊ वर्षांची. तिच्या पोटात दुखायचं. शाळेची वेळ झाली की पोट धरून कोपऱ्यात बसायची. शेजारी कुणी मोठ्यानं बोललं, भांडं पडलं, की परत तेच. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, नाटक करते.

तिला गावच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेलतो. तिथं तेव्हा एक नवीनच विचारणं सुरू झालं होतं. पोर तापानं येवो की खरजेनं, सिस्टर सोबतच्या माणसाला विचारायची, घरात मारहाण होते का, पोरानं ती बघितलीय का, त्याला कुणाची भीती वाटते का. हे सगळं वजनकाट्यापाशी, मागं रांग, आणि सिस्टर कोल्हापूरची, आवाज खणखणीत. रांगेतल्या बायका कान टवकारून बसलेल्या. मी सांगितलं, आमच्या घरात तसलं काय न्हाय. माझ्या मागच्यानंही तेच सांगितलं. त्याच्या घरातला धिंगाणा आख्ख्या गल्लीला पाठ होता.

पुढच्या खेपेला गेलो तर विचारायची जागा बदललेली. आता लसीच्या खोलीत, दार लावून. पोर घेऊन आलेला प्रत्येकजण आत जायचाच, त्यामुळं कुणाकडं बोट दाखवायची सोय नव्हती. सिस्टर हसत म्हणाली, रांगेत विचारलं तर सगळं गाव सुखी निघालं, तवा आमची चूक आम्हाला कळली. मग तिनं हळू आवाजात समजावलं. लहानपणी जे बघितलं, सोसलं, ते अंगात राहतं. पोट दुखतं, झोप उडते. वेळेत कळलं तर त्यावर उपाय असतो. दर गुरुवारी शहरातून एक बाई येतात, त्या पोरांशी खेळत खेळत बोलतात.

नात बाहेर बाकावर होती. दार बंद होतं, ऐकायला कुणी नव्हतं, तरी मी परत न्हाय म्हणालो. सिस्टरनं ताणलं नाही. पुढल्या वेळी परत इचारीन म्हणाली, सगळ्यांनाच इचारतो.

काठी टेकत व्हरांडा ओलांडला. फाटकाबाहेर रस्ता मोकळा दिसला, तशी काठी काखेत मारून झपझप निघालो. वळून बघतो तर नात मागंच उभी.

"आज्जा, माझं दुखणं बी तुमच्यासारखंच हाय असं वाटतंय व्हय तुमास्नी?"

"म्हंजे कसं?"

"खोटं. शाळेत बी तसंच म्हंत्यात. पर माझं खरं दुखतंया."

मला खोटा म्हणणाऱ्याशी मी आजवर भांडत आलोय. तिच्याशी काय भांडणार? ती मला बोल लावत नव्हती. माझं तरी खरं धरा, एवढंच मागत होती. आणि मी आत्ताच आत न्हाय म्हणून आलो होतो.

"चल माघारी," म्हटलं. रांग मोडून आत घुसलो. लोक ओरडले. मागून कुणीतरी म्हणालं, चक्कर येणारं म्हातारं बघा कसं पळतंय. म्हटलं, बघा.

दार लावून घेतलं आणि सिस्टरला सांगितलं, "बाई, मघाशी मी खोटं बोललो. पोरीनं आईला मार खाताना बघितलंय. एकदा मधी पडली तर बापानं हिला बी ढकलून दिलं."

सिस्टरनं आधी पाणी दिलं. मग विचारलं, पोर आता कुठं असते, बाप तिथं येतो का. माझ्याजवळ हाय, म्हटलं, आणि माझ्या दारात यायची त्याची छाती न्हाय.

घरी लेक भाकरी थापत होती. आडपडदा न ठेवता सांगून टाकलं की दवाखान्यात सगळं बोललो. तिचे हात थांबले. मला वाटलं, आता रडंल नाहीतर भांडंल.

"काय काय सांगितलंसा?"

"मला ठावं हाय तेवढं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"तुमास्नी निम्मंच ठावं हाय, आबा. गुरवारी मी येते."

गुरुवारी दोघी आत गेल्या, मी बाहेर बसलो. निम्मं कोणतं राहिलं होतं ते मी अजून विचारलेलं नाही. सांगावंसं वाटलं तर सांगेल.

त्यानंतर बरेच गुरुवार झाले. लेक सासरी कधी जाणार म्हणून परवा एकानं विचारलं, तर न्हाय जाणार म्हणून सांगितलं. मला वाटायचं, या शब्दानं माझी मान खाली जाईल. तो बरं म्हणाला आणि उसाच्या तोडीचं बोलायला लागला.

नातीचं पोट अजून मधनंच दुखतं. काल सकाळी दप्तर पाठीला लावून माझ्यापुढं आली.

"आज्जा, आज दुखतंया."

"मग ऱ्हा की घरात."

"जाऊ नगं म्हणा म्हणून न्हाय सांगितलं. दुखतंया म्हणून सांगितलं," म्हणाली, आणि चपला घालून शाळेला गेली.