पेणचा मेगर, रोह्याचा मेगर

सरकारमान्य वीज कंत्राटदाराचं लायसन ज्याने नव्वदच्या दशकात टिकवलं, त्याला पुनर्जन्मावर विश्वास ठेवावाच लागतो. ते लायसन दर काही वर्षांनी मरायचं आणि त्याला जिवंत करता करता आपण अर्धमेले व्हायचो. फोटो, शिक्के, वायरमनचा परवाना, सुपरवायझरचा परवाना आणि मी तोच मी आहे असा दाखला. हे सगळं मी निमूटपणे करत आलो. डोकं फिरलं ते मेगरपायी.

मेगर म्हणजे हाताने दांडा फिरवला की वायरिंगमधून वीज कुठे गळते का ते सांगणारं यंत्र. आकाराने जेवणाच्या डब्याएवढं. प्रत्येक कंत्राटदाराकडे ते स्वतःचं असलंच पाहिजे असा नियम होता, आणि नियम चांगलाच होता. नव्या घराला कनेक्शन हवं असेल तर मेगर लावायचा, आकडा बघायचा आणि मग टेस्ट रिपोर्टवर सही करायची. आमच्याकडचे बरेच जण नुसती सही करत. आकडा मनानेच टाकत. खाडीकाठच्या घरांच्या भिंती बारा महिने ओल्या असतात, तिथे मनाचा आकडा टाकणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळणं. मला याची भयंकर चीड होती. पण बोललं की मीच शहाणा ठरायचो.

माझा मेगर मला माझ्या उस्तादांनी धंदा सोडताना दिला होता. पेणपासून रोह्यापर्यंत आमच्या ओळखीत चालता मेगर तेवढा एकच. त्यामुळे एक रीतच पडून गेली होती. जिल्ह्याचे साहेब नूतनीकरणाच्या तपासणीला निघाले, की माझा मेगर त्यांच्या पुढे पुढे गावोगाव जायचा. कधी एसटीने, कधी रोह्याच्या गाडीने. प्रत्येक दुकानाच्या टेबलावर साहेबांना एक मेगर दिसायचा, ते कागदावर खूण करायचे, चहा घ्यायचे आणि पुढे जायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. आज मेगर नाही दिला, तर उद्या अडीअडचणीला मला कुणी शिडी देणार नव्हतं.

त्या वर्षी माझ्या लायसनची मुदत संपली होती आणि पेणजवळच्या जोह्यातल्या एका बाईचं काम माझ्या हातात होतं. बाईंनी वर्षानुवर्षं दिरांच्या कारखान्यात गणपती रंगवले, आणि आता हिंमत करून स्वतःची शेड उभी केली होती. वायरिंग मी केलं, मेगर लावून पाहिला, सगळं ठीक होतं. राहिली होती फक्त सही, आणि मुदत संपलेल्या लायसनवरची सही वीज मंडळ घेत नसे. बाई दर बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन बसायच्या.

"भाऊ, गणपती हायत, रंग हाय, गिऱ्हाईक हाय. लाईट नाय. पावसाच्या अंधारात डोळ्यांची आखणी काय चाचपून करू?"

त्यांचं खोटं नव्हतं. मालाची तारीख चुकली तर व्यापारी दुसऱ्या कारखान्यात जाणार आणि बाईंना परत दिरांच्या शेडमध्ये जावं लागणार. मी सांगितलं, तपासणी झाली की लगेच सही करतो.

साहेब नवे होते. निरोप आला, आज रोहा, उद्या पेण. रीतीप्रमाणे मी सकाळीच मेगर रोह्याच्या दोस्ताकडे पाठवला. आम्ही दोघांनी एकाच उस्तादांच्या हाताखाली काम शिकलेलं, तेव्हा शंका घ्यायचं कारण नव्हतं. त्याने मेगर टेबलावर मांडला, साहेबांना घरी नेऊन सुरमई खिलवली, आणि साहेब इतके खूश झाले, की म्हणाले, आजच पेणही उरकून टाकू. जीप माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मेगर अजून रोह्यातच होता.

"मेगर कुठाय?"

खरं सांगितलं असतं तर दोस्ताचं लायसन गेलं असतं. मी म्हणालो, "दुरुस्तीला गेलाय, साहेब."

"उपकरण आढळलं नाही" असा शेरा पडला आणि माझं नूतनीकरण लटकलं. ज्याने जन्मात कधी दांडा फिरवला नाही तो पास, आणि घरोघरी मेगर घेऊन हिंडणारा मी नापास! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. मी रागाने जेवलो नाही, घरच्यांवर ओरडलो, आणि दुसऱ्या दिवशी जोह्याच्या बाई आल्या तेव्हा त्यांच्याकडे बघवेना.

अर्ज-विनंत्या करून फेरतपासणी मिळवली. रोह्याहून परत आलेला मेगर पुसून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उचलला आणि हसायलाच लागले. मूळचा पट्टा तुटला म्हणून मी त्याला मुलीच्या जुन्या दप्तराचा पट्टा शिवला होता. तो त्यांच्या लक्षात राहिला होता.

"हा तर रोह्याचा मेगर! तपासणीपुरता मागून आणलात?"

"साहेब, हा माझाच आहे."

"तुमचा तर दुरुस्तीला गेला होता ना?"

त्यांनी बिल मागितलं, पण उस्ताद काय बिल फाडून देतात? साहेब म्हणाले, "मी आज विश्रामगृहावर आहे. उद्या सकाळी जाताना परत येतो, तेव्हा हा तुमचा असल्याचं सिद्ध करा."

मी बूथवरून रोह्याला फोन लावला आणि दोस्ताला नको नको ते बोललो. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "शेठ, खरं बोललो तर माझं लायसन जाईल. पण तुमचं काम करतो. उद्या येतो."

सकाळी आला खरा. इस्त्रीचा शर्ट घालून, साहेबांसाठी फणस घेऊन. जोह्याच्या बाईही आल्या होत्या, बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. दोस्त साहेबांना म्हणाला, "मेगर माझाच हो. पण हे माझे जुने सोबती, यांची अडचण बघवली नाही. म्हणून कायमचा देऊन टाकला यांना. मी माझ्यासाठी नवा मागवलाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उस्तादांनी माझ्या हातात ठेवलेली वस्तू हा मला दान करत होता, आणि तेही माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीवर बसून.

साहेब मात्र भारावले. शिक्का काढला, शाईला लावला, आणि कागदावर टेकवायच्या आधी माझ्याकडे बघून थांबले.

"आजच्या काळात असं मन कोण दाखवतं? आभार तरी माना त्यांचे."

शिक्का हवेतच होता. ओट्यावर बाई मान उंच करून आत बघत होत्या. मी हात जोडले आणि माझ्याच मेगरबद्दल त्याचे आभार मानले.

"असू द्या हो," तो म्हणाला. "जपून वापरा म्हणजे झालं."